उभ्या दोराला धरावे

मराठीच्या प्राध्यापकाचा उंचीशी संबंध येतो तो पुस्तकांच्या कपाटापुरता. वरच्या फळीवरचा कोश काढण्यासाठी स्टुलावर चढायचे, आणि तेही सौभाग्यवतींनी स्टूल घट्ट धरले असेल तरच. अशा माणसाने चव्वेचाळिसाव्या वर्षी इंग्लंडात जाऊन, डोक्यावर हेल्मेट आणि कमरेला पट्टे बांधून, दीडशे वर्षांच्या एका जहाजाच्या दोरांवर चढावे, ही गोष्ट आमच्या बदलापुरात अजून कोणाला खरी वाटत नाही. "फोटो आहे का?" असे शेजारी विचारतात. फोटो आहे, पण त्यात माझी नुसती पाठ दिसते. पाठीवरून माणूस ओळखण्याइतके माझ्यावर प्रेम घरातही कोणाचे नाही. तेव्हा फोटो बाजूला ठेवतो आणि हकीकतच सांगतो.

मी राहतो बदलापूरला आणि शिकवतो उल्हासनगरच्या एका कॉलेजात. सकाळच्या लोकलने निघायचे आणि मध्ये अंबरनाथ लागले की सवयीने खिडकीबाहेर पाहायचे. कारण वडिलांची सारी नोकरी तिथल्या आगपेटीच्या कारखान्यात झाली. आमची उल्हास नदी घाटमाथ्यावरून उतरते, कर्जतहून बदलापूरला येते आणि पुढे कल्याणच्या खाडीला मिळते. याच खाडीवर, १६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यानंतर, शिवाजीमहाराजांनी जहाजे बांधायला घेतली. म्हणजे आमच्या अंगणावरून वाहणारे पाणी मराठ्यांच्या आरमाराच्या पाळण्यापाशी जाते. बदलापूरला घोडे बदलत असत म्हणून ते बदलापूर, असे गावातली माणसे सांगतात. घोड्यांचे सगळ्यांना ठाऊक आहे; जहाजांचे कोणी बोलत नाही. मीही बोलत नव्हतो.

बोलावे लागले ते एका विद्यार्थ्यामुळे. एम.ए.च्या वर्गाला मी रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' शिकवत होतो. त्यातले आरमाराचे प्रकरण माझ्या विशेष आवडीचे. आरमारासाठी लाकूड हवे, पण म्हणून रयतेच्या आंब्या-फणसांवर कुऱ्हाड चालवू नये, ही त्यातली ताकीद मी दरवर्षी जरा आवाज चढवूनच सांगतो. त्या दिवशीही सांगितली. मग गुराब मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, गलबत त्याहून लहान आणि चपळ, असे सारे फळ्यावर लिहिले. मागच्या बाकावर खाडीकाठच्या कोळीवाड्यातला एक मुलगा बसतो. तो उभा राहिला.

"सर, शीड वर अडकलं, तर माणूस वर जायचा कसा?"

"शिडीने," मी म्हणालो.

"शिडी टेकायची कुठं, सर?"

वर्ग हसला. मीही हसलो. पुढच्या तासाला सांगतो, म्हणालो. पुढच्या तासाला तो विचारायला विसरला नाही; मी मात्र सांगायचे विसरल्याचे सोंग केले.

वर्गात हसे झाले याचे दुःख नव्हते. वीस वर्षे शिकवणाऱ्याला त्याची सवय असते. मला लागले ते वेगळ्याच कारणाने. त्या प्रश्नाचे उत्तर बारा वर्षे माझ्या घरात, माझ्या शेजारी जेवायला बसत होते.

माझे आजोबा विजयदुर्गाकडचे. तरुणपणी ते फत्तेमारीवर खलाशी होते. मंगळूरची कौले भरून मुंबईला आणायची आणि परतताना मिळेल तो माल न्यायचा, असा त्यांचा धंदा. एकदा शीड सोडवायला परबाणावर गेले असता, म्हणजे शीड ज्या आडव्या वाशाला बांधतात त्यावर चढले असता, ते खाली पडले. पाय मोडला आणि समुद्र सुटला. पुढे वडिलांना अंबरनाथला नोकरी लागली, तेव्हा आजोबाही कोकण सोडून इकडे आले. घरात समुद्राचा विषय वडिलांना चालत नसे. आजोबा ओट्यावर बसून सुतळीला गाठी मारत आणि सोडत. 'परबाण', 'आलात', 'दामण' असले शब्द त्यांच्या बोलण्यात येत. आम्हा मुलांना ती म्हाताऱ्याची बडबड वाटे. ते १९९१ साली गेले. त्यानंतर मी भाषेचा अभ्यास केला, एम.ए. झालो, शब्दांचे मूळ आणि कूळ शोधण्याचा पगार घेऊ लागलो. आणि आजोबांचे ते शब्द मला पुन्हा भेटले ते मोल्सवर्थच्या कोशाची पाने चाळताना! ज्यांच्या तोंडून ते ऐकायचे, त्यांना मात्र मी एकदाही विचारले नव्हते.

त्यांची एकच शिकवण लक्षात होती, आणि तिचा जहाजाशी काही संबंध असेल असे मला कधी वाटले नाही. बदलापूरची जांभळे प्रसिद्ध आहेत. आमच्या वाडीत एक उंच जांभूळ होती. जांभळीचे लाकूड ठिसूळ. फांदी कधी दगा देईल याचा नेम नाही. नऊ वर्षांचा असताना मी तिच्यावर चढलो आणि मध्येच गारठलो. वर जाववेना, खाली येववेना. आई ओरडू लागली. आजोबा काठी टेकत आले आणि शांतपणे म्हणाले, "फांदीला नको धरू. खोडाला धर. पाय काय, कुठंपण ठेव." मी उतरलो, मार खाल्ला आणि त्या दिवसापासून झाडावर चढणे सोडले.

तर २०२३ च्या मे महिन्यात इंग्लंडला जायचा योग आला. धाकटी बहीण आणि मेहुणे न्यूकॅसलला असतात. बहिणीने फोनवर बजावले, "दादा, तुझ्या त्या इस्त्रीच्या पँटी घेऊन येऊ नकोस. फिरायचं आहे." उल्हासनगर हे जीन्स शिवणारे गाव, पण इतकी वर्षे तिथे शिकवूनही मी कधी जीन्स घातली नव्हती. ओळखीच्या एका सिंधी गृहस्थांच्या दुकानात गेलो. वय चौऱ्याऐंशी, तरी गल्ला सोडलेला नाही. कुठे निघालात, म्हणून त्यांनी विचारले. म्हटले, बहिणीकडे, आणि जमल्यास एक जुने जहाज पाहायला.

"जहाज? मी एकदाच बसलो," ते म्हणाले. "सत्तेचाळीस साली. कराची ते मुंबई. आठ वर्षांचा होतो. मोठी माणसं सगळी मागं बघत उभी. पुढं काय आहे ते आम्ही पोरांनीच बघितलं."

मुंबईहून त्यांना कल्याणच्या लष्करी छावणीत आणले. त्या छावणीचेच १९४९ साली उल्हासनगर झाले. हे मला पुस्तकातून ठाऊक होते. ते गल्ल्यावर बसले आहे हे मात्र ठाऊक नव्हते. त्यांनी जीन्सचे दोन रुपयेही कमी केले नाहीत, पण त्या वाक्याचे मोल मी मनातल्या मनात वजा केले.

मला पाहायचे होते ते जहाज म्हणजे 'ट्रिंकोमाली'. न्यूकॅसलहून हार्टलपूलला जाणारी आगगाडी बराच वेळ समुद्राच्या कडेकडेने जाते. एका बाजूला हिरवी कुरणे, दुसऱ्या बाजूला शिशाच्या रंगाचा समुद्र. हार्टलपूलच्या जुन्या गोदीत ती उभी होती. काळ्या अंगावर पांढरा पट्टा, तीन उंच डोलकाठ्या आणि नाळेवर चक्क पागोटे घातलेल्या माणसाचा पुतळा! परक्या मुलखात पागोटे पाहिल्यावर माझा हात आपोआप नमस्काराला गेला. बहीण म्हणाली, "दादा, लोक बघतायत."

बघेनात का! हे जहाज आपल्या मुंबईचे आहे. सुरतेहून १७३६ साली मुंबईला आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्यातल्या जमशेटजी बमनजींनी ते मुंबईच्या गोदीत बांधले. पारशी रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकून बांधकामाला सुरुवात झाली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते पाण्यात उतरले. लाकूड मलबारचे सागवान. इंग्लंडचा ओक युद्धांपायी दुर्मिळ झाला होता. शिवाय ओकच्या आंबटपणाने लोखंडी खिळे झिजतात, सागवानाच्या तेलाने ते टिकतात. सागाला कीड आणि कूजही सहजी लागत नाही. म्हणून इंग्रज आरमाराने जहाजे मुंबईत बांधून घेतली. ज्यावर १८४२ साली चीनशी नानकिंगचा तह झाला, ते 'कॉर्नवॉलिस' मुंबईचेच. नॅव्हरिनोच्या लढाईत १८२७ साली ज्यावर इंग्रज सेनापतीचे निशाण होते, ते 'एशिया'ही मुंबईचेच.

'ट्रिंकोमाली'च्या वाट्याला तसला पराक्रम आला नाही. बांधून झाल्यावर पंचवीसएक वर्षे ती राखीव म्हणून नुसती ठेवून दिली होती. मग थोडी वर्षे अमेरिकेच्या किनाऱ्यांवर आणि पॅसिफिक महासागरात गस्त घातली आणि त्यानंतर पोरांना नौकानयन शिकवायचे जहाज झाली. १८९७ साली तर मोडीतच निघाली होती. एका शौकिनाने ती घेतली, नाव बदलून 'फूड्रॉयंट' ठेवले आणि त्या नावाने १९८६ पर्यंत तिच्यावर मुले शिकत राहिली. १९८७ साली तिला हार्टलपूलला आणले, १९९० पासून अकरा वर्षे दुरुस्ती चालली आणि मधल्या काळात मूळ नावही परत मिळाले. आज पाण्यावर तरंगणाऱ्या ब्रिटिश युद्धनौकांत ती सर्वांत जुनी आहे. एवढी दुरुस्ती होऊनही निम्म्याहून अधिक लाकूड मूळचे, मुंबईत बसवलेले.

आत शिरलो. खालच्या मजल्यावर वाकून चालावे लागते. एका तुळईला हात लावला. दोनशे वर्षांचा साग, हाताला गार आणि गुळगुळीत. तेवढ्यात मनात तारखांची जुळणी झाली आणि हात तिथेच थबकला. १२ ऑक्टोबर १८१७. त्यानंतर चोवीस दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली. आणि १७ तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. खडकीला आपण राज्य घालवीत होतो, त्याच महिन्यांत मुंबईत आपल्याच देशाचे कारागीर जगातले उत्तम जहाज बांधून इंग्रजांच्या हाती देत होते. अभिमान वाटावा की वाईट, हे मला ठरवता आले नाही. एक गोष्ट मात्र कळली. आपल्याकडे लाकूड होते आणि हातही होते. गेले ते फक्त जपणे. त्या पोरांच्या शाळेने हे जहाज जपले. आम्ही साधे शब्दही जपले नाहीत.

वर आलो. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी जाड दोरांचा आधार असतो. ते दोर जहाजाच्या काठापासून निघतात आणि वर जाता जाता एकमेकांजवळ येतात. त्या उभ्या दोरांवर हातभर अंतराने बारीक आडवे दोर गाठी मारून बांधलेले असतात. हीच ती शिडी! तिला कुठे टेकवावे लागत नाही. डोलकाठी सावरणारे दोरच तिचे खांब असतात. मी आडव्या दोराची गाठ पाहिली. आजोबा ओट्यावर सुतळीला मारीत, तीच. त्या गाठीपाशी मी इतका वेळ उभा राहिलो की बहीण जवळ आली. म्हणाली, "आजोबा अशीच बांधायचे ना रे?" तिलाही आठवत होते. दोघेही थोडा वेळ बोललो नाही. वर जाण्याची सोय त्या दिवशी आमच्यासारख्यांसाठी नव्हती. मी सुटकेचा निःश्वास टाकला असे बहीण सांगते. ते खोटे नाही.

पण बहिणीने रात्री मुलीला फोन केला. भाची लंडनला शिकते. परतीच्या विमानापूर्वी दोन दिवस तिच्याकडे राहायचे होते. तिने हातात तिकीटच ठेवले. "मामा, ग्रिनिचला 'कटी सार्क' आहे. तिथं चढू देतात. मी पैसे भरलेत, परत मिळणार नाहीत." मध्यमवर्गीय माणसाला कड्यावरून ढकलायला एवढे वाक्य पुरते.

'कटी सार्क' हे चहा वाहणारे जहाज. नाव बर्न्सच्या कवितेवरून घेतलेले. त्याचा अर्थ आखूड झगा. नाळेवरची बाई एका हातात घोडीचे तुटलेले शेपूट धरून उभी आहे. स्कॉटलंडात डम्बार्टन येथे २२ नोव्हेंबर १८६९ रोजी ते पाण्यात उतरले. आता याचेही नशीब पाहा. अवघ्या पाच दिवसांपूर्वी, १७ नोव्हेंबरला, सुएझचा कालवा खुला झाला होता! कालव्यातून आगबोटी जाऊ लागल्या, आणि चीनचा चहा शिडाच्या जहाजांच्या हातून गेला. मग या जहाजाने ऑस्ट्रेलियाची लोकर वाहिली आणि वेगात नाव कमावले. १९५४ पासून ते ग्रिनिचला कोरड्या गोदीत आहे. २००७ साली तिथे मोठी आग लागली. डोलकाठ्या आणि बऱ्याच फळ्या दुरुस्तीसाठी अगोदरच काढून नेल्या होत्या म्हणून वाचल्या. २०१२ साली ते पुन्हा लोकांसाठी उघडले. मुख्य डोलकाठी १५२ फूट. सारे दोर सरळ पसरले तर अकरा मैल भरतील, म्हणजे बदलापूरहून कल्याण गाठून वर उरतील.

पट्टे बांधले. एक तरुण मुलगी आमची मार्गदर्शक होती. तिने सूचना दिल्या. इंग्रजी भरभर असल्याने निम्म्या कळल्या. मी काठावर चढलो आणि बाहेरच्या बाजूने दोरांवर पाय ठेवला. पहिल्या दहा पायऱ्या बऱ्या गेल्या. पण जहाजाचा काठ खाली गेला तशी दोरांची शिडी अरुंद होऊ लागली आणि पावलाखालचा दोर हलू लागला. मी आडवा दोर दोन्ही हातांनी गच्च धरला. तोही हलला. खाली पाहू नये हे सगळ्यांना ठाऊक असते. म्हणूनच सगळे पाहतात. मीही पाहिले. भाची बोटाएवढी दिसत होती. पाय थरथरू लागले. वर जाववेना, खाली येववेना.

वरून त्या मुलीने ओरडून सांगितले. या वेळी मात्र तिचे इंग्रजी स्पष्ट कळले. आडव्या दोराला धरू नका. उभ्या दोराला धरा. आडवे तुटू शकतात.

वाचकहो, थेम्स नदीवर त्या क्षणी मला बदलापूरची जांभूळ दिसली. फांदीला नको धरू. खोडाला धर. पाय काय, कुठंपण ठेव. आजोबांनी मला झाडावर चढायचे शिकवले नव्हते. त्यांनी मला जहाजावरचा नियम सांगितला होता. पस्तीस वर्षे तो माझ्यापाशी होता आणि मी त्याला जांभळांची गोष्ट समजत होतो.

हात सोडले, एक एक करून उभ्या दोरांवर नेले. ते जाड होते आणि हलत नव्हते. पाय जिथे मिळेल तिथे ठेवत वर गेलो. मधल्या फळीवर पोहोचलो तेव्हा धाप लागली होती आणि डोळ्यांत पाणी होते. वाऱ्यामुळे, असे मी भाचीला सांगितले. पलीकडे नव्या लंडनच्या काचेच्या इमारती, अलीकडे रेनने बांधलेली दर्यावर्द्यांची जुनी वास्तू आणि मागे टेकडीवर ती वेधशाळा, जिच्यावरून जगाचे रेखांश मोजतात. पण मी पाहत होतो परबाणाकडे. तो आडवा वासा माझ्या छातीसमोर होता. त्यावर हात ठेवला. आजोबांच्या फत्तेमारीला अशी दोरांची शिडी नव्हती. पायाच्या बोटांत दोर पकडून ते वर जात. कमरेला पट्टा नाही, डोक्याला हेल्मेट नाही, खाली गादी नाही. रात्रीची वेळ, पावसाचा मारा, आणि जहाज डोलते आहे. डोलकाठी म्हणजे काय, हेही मला तिथेच उमगले. तो शब्द मी दरवर्षी सांगतो; उभ्या असलेल्या, कोरड्या गोदीतल्या जहाजावरही तो पोटात जाणवतो हे सांगत नव्हतो. 'तोल जाऊन पडले' एवढ्याच शब्दांत आमच्या घरात गुंडाळून ठेवलेली गोष्ट केवढी उंच होती!

उतरण्याचे वर्णन करीत नाही. चढणाऱ्याची अब्रू उतरताना शिल्लक राहत नाही.

जूनमध्ये कॉलेज सुरू झाले. बदलापूर स्टेशनाबाहेर जांभळांच्या पाट्या लागल्या होत्या. तो कोळ्यांचा मुलगा आता पुढच्या वर्षात गेला होता. त्याला वर्गात उभे केले आणि म्हणालो, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं." फळ्यावर डोलकाठी काढली, उभे दोर काढले, आडवे दोर काढले, हात कुठे आणि पाय कुठे ते सांगितले. परबाण दाखवला.

"सर, आमच्याकडंपण परबाणच म्हणतात," तो म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"आजा."

"आहेत?"

"आहेत ना. दिसत नाही आता, पण जाळं विणतात."

मी त्याला दुसरे काही सांगितले नाही. म्हणालो, आज घरी जा आणि त्यांच्यापाशी बस. जे सांगतील ते लिहून घे. शुद्धलेखनाची काळजी करू नकोस.

आठवड्याने त्याने वहीची चार पाने आणून दिली. जहाजाच्या आणि होडीच्या एकेका अवयवाचे, वाऱ्यांचे, गाठींचे शब्द. पेन्सिलीने, वेडेवाकडे. त्यातले निम्मे मला ठाऊक नव्हते, आणि काही तर कपाटाच्या वरच्या फळीवरच्या कोशातही सापडले नाहीत. ते शोधण्यासाठी मी स्टुलावर चढलो होतो. सौभाग्यवती धरायला आल्या, तर मी एकटाच वर उभा होतो. एक हात कोशावर आणि दुसरा कपाटाच्या उभ्या खांबाला.